गावानं टॉवरचं काम थांबवलं, आता सुरुवात कुठून करायची? (ट्रान्समिशन लाईन आणि गावकरी, नागपूरकडचं उत्तर)

प्रश्न थोडक्यात असा: काटोल-नरखेड पट्ट्यात २२० केव्हीची डबल सर्किट लाईन, रूट फायनल, अर्ध्याअधिक टॉवरचं फाउंडेशन झालेलं, आणि दोन गावांत लोकांनी काम थांबवलं. साहेब म्हणतात पोलीस बंदोबस्त घे, बँकेचा माणूस म्हणतो स्टेकहोल्डर एंगेजमेंट प्लॅन, म्हणजे लाईनशी संबंध येणाऱ्या सगळ्यांशी कसं बोलणार त्याचा आराखडा, दाखवा, सरपंच म्हणतो आधी रेट सांगा. विचारणारा नवीन साईट इंजिनियर आहे आणि त्याला समजत नाही की पहिलं कोणाचं ऐकायचं.

भाऊ, पहिलं सरपंचाचं ऐका. तिघांत त्याचाच प्रश्न सरळ आहे.

माझं काम गेली बरीच वर्षं हेच, नागपूर-वर्धा-भंडारा-अमरावती पट्ट्यात लाईनचा आरओडब्ल्यू (राइट ऑफ वे, लाईनच्या वाटेचा हक्क) सांभाळायचा, म्हणजे सर्व्हेपासून वायर चढेपर्यंत गावाशी जे बोलणं-भांडणं होतं ते सगळं. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. गावाशी बोलायची खरी वेळ म्हणजे तुमच्या हातात अजून काहीतरी बदलण्यासारखं असतं ती. सगळं ठरवून झाल्यावर घेतलेल्या बैठकीत लोकांना दोन मिनिटांत कळतं की साहेब फक्त सांगायला आलेत. तुमच्या लाईनवर बरंच काही हातातून गेलंय, पण सगळं गेलेलं नाही, म्हणून आधी काय शिल्लक आहे ते बघू.

लाईनमध्ये काय हलतं हे स्वतःला नीट माहीत पाहिजे, कारण शेतकऱ्याचा पहिला प्रश्न हाच असतो, "काहून जी साहेब, तिकडं सारं पडीक आहे, तिकडून न्या ना". नकाशावर रूट ठरत असताना साधारण तीन पर्याय काढतात, तेव्हा अँगल पॉइंट, म्हणजे लाईन जिथं वळते ती जागा, आपला एपी, पाहिजे तिकडे सरकवता येतो, अख्खं गाव वाचवता येतं, बागांचा पट्टा वाचवता येतो. एपी पक्के झाले की दोन एपीच्या मधली लाईन सरळ जाते, ती बाजूला न्यायची तर नवीन अँगल टॉवर घालावा लागतो, तो जड, महाग, आणि ज्याच्या वावरात येईल तो नवा माणूस भांडायला उभा. पण सरळ रेषेतला टॉवर लाईनच्या दिशेनं पुढं-मागं सरकतो हे शेतकऱ्याला कोणी सांगतच नाही. २२० केव्हीला दोन टॉवरमध्ये सव्वातीनशे-साडेतीनशे मीटर अंतर असतं, त्यात दहा-वीस मीटर इकडंतिकडं चेक सर्व्हेच्या, म्हणजे कामाआधीच्या फेरमोजणीच्या, वेळी बऱ्याचदा निघतात, आणि तेवढ्यात वावराच्या मधोमध येणारा टॉवर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जातो, विहिरीपासून लांब जातो, ट्रॅक्टर वळायला जागा राहते. स्टब, म्हणजे टॉवरच्या पायाचा जमिनीत गाडायचा लोखंडी भाग, बसून काँक्रीट पडलं की मग ब्रह्मदेव आला तरी काही हलत नाही. म्हणून त्या दोन गावांत ज्या टॉवरचं काँक्रीट अजून पडलं नाही तेवढ्यांची यादी आजच काढा, प्रत्येकाचं किती सरकतं ते डिझाईनवाल्याकडून लिहून घ्या, आणि ती यादी घेऊनच गावात जा. धुऱ्यावर टॉवर गेला तर चार पाय दोन सातबाऱ्यांवर येतील, दोघांना पैसे द्यावे लागतील, तेव्हा दोघांशीही बोलायचं, नाहीतर एका भावाचं भलं करताना दुसऱ्याशी वैर.

हल्ली एक नवीनच गोष्ट झालीये. आधी सर्व्हेवाला मशीन घेऊन वावरात उभा राहायचा, खुंट्या ठोकायचा, त्या निमित्तानं गावाला निदान कुणकुण लागायची. आता ड्रोन, लायडार (लेझरनं मोजणी), सॅटेलाइटचे फोटो, सगळा रूट नागपूरच्या एसी ऑफिसात बसून तयार होतो, आणि गावाला लाईनची बातमी जेसीबीच्या आवाजानं कळते. पेपरात नोटीस छापून आलेली असते, कायद्याची अट पूर्ण झालेली असते, पण त्या दिवशीचा तो पेपर गावात कोणी वाचला? मशीननं सर्व्हे करा, काही हरकत नाही, पण एक माणूस गटनंबर घेऊन बांधाबांधावर फिरलाच पाहिजे.

आता रेट. इथं सविस्तर सांगतो कारण सगळं अडतं ते इथंच. टॉवरसाठी जमीन संपादित होत नाही, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, फक्त वापराचा हक्क घेतला जातो, त्यामुळे भूसंपादनासारखा चौपट मोबदला मिळेल असं कोणी सांगितलं असेल तर ते आधी दुरुस्त करा. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं ऑक्टोबर २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, टॉवरच्या चार पायांतल्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. १४ जून २०२४ ला ते बदललं, टॉवरच्या जागेला २०० टक्के, आणि जागा मोजताना पायांच्या बाहेर चारही बाजूंनी एकेक मीटर जास्त धरायचा, पट्ट्याला ३० टक्के. मग मार्च २०२५ मध्ये पुरवणी आली, त्यात बाजारभाव ठरवायला समिती आणि पट्ट्याचा दर ग्रामीण भागात ३०, नगरपालिका-नगरपंचायतीत ४५, महानगरपालिका आणि महानगर क्षेत्रात ६० टक्के. हे सगळं मुख्यतः आंतरराज्य लाईनसाठी, राज्याच्या आतल्या लाईनला राज्य सरकारचा जीआर चालतो आणि तोही वेळोवेळी बदलत आलाय. तुमच्या लाईनला नेमकं काय लागू आहे ते कलेक्टर ऑफिसातून लेखी घ्या, त्याशिवाय गावात आकडा तोंडातून काढायचा नाही.

गावात हिशोब असा मांडून दाखवतो. समजा जमिनीचा दर हेक्टरी २० लाख धरला, म्हणजे चौरस मीटरला २०० रुपये. टॉवरचा पाया ८ बाय ८ मीटर, एकेक मीटर वाढवून १० बाय १०, म्हणजे १०० चौरस मीटर, एक आर. २०० टक्क्यांनी झाले ४० हजार. आता तार. २२० केव्हीचा पट्टा ३५ मीटर रुंद धरला, समजा त्या वावरातून लाईन २०० मीटर जाते, झाले ७ हजार चौरस मीटर, ३० टक्क्यांनी ४ लाख २० हजार. बघा, गाव भांडतं टॉवरसाठी आणि मोठी रक्कम आहे तारेखाली! ज्याच्या वावरात टॉवर नाही नुसती तार आहे, त्याला वाटतं आपल्याला काहीच मिळणार नाही, मग स्ट्रिंगिंगच्या, म्हणजे तार ओढायच्या, वेळी तोच आडवा येतो. हा हिशोब फळ्यावर खडूनं, सगळ्यांसमोर, त्यांच्याच गावच्या रेडीरेकनरच्या दरानं करायचा. पिकाचं आणि झाडांचं नुकसान यावर वेगळं, ते यातून वजा होत नाही, हेही तिथंच सांगायचं. आणि दर शेजारच्या तालुक्यापेक्षा कमी असेल तर लपवू नका, काटोलचा रेडीरेकनर वेगळा, वरुडचा वेगळा, जिल्हा बदलला की आकडा बदलतो, ते तुम्ही नाही सांगितलं तर संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतंच.

दर ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावून टाका. यानं दलाल बसतो. आमच्याकडं प्रत्येक लाईनवर असा एक तरी माणूस उगवतो जो म्हणतो, "मुखत्यारपत्र द्या, मी दुप्पट आणून देतो", आणि त्याचं सगळं दुकान लोकांना दर माहीत नसण्यावर चालतं. त्याहून वाईट म्हणजे आपलाच कोणीतरी घाईत एका वजनदार माणसाला गुपचूप जास्त देऊन काम पुढं रेटतो. एक टॉवर सुटला, पण तो आकडा आठ दिवसांत पुढच्या दहा गावांचा किमान दर होतो. मी तर म्हणतो सगळ्यांना थोडा कमी पण सारखा दर चालेल, असमान दर नाही चालत.

पैसे कोणाला द्यायचे हा अजून एक गुंता. सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव, फेरफार झाला नाही, तीन भाऊ, दोन बहिणी, एक जण पुण्यात. जमिनीचा मोबदला मालकाचा, पण पीक कोणी पेरलंय? आपल्याकडं मक्त्यानं जमीन करणारे लय आहेत, मालक नागपुरात धरमपेठेत राहतो आणि पऱ्हाटी मक्तेदाराची उभी आहे, तर पिकाची भरपाई मक्तेदाराला मिळाली पाहिजे, नाहीतर काम अडवणारा तो असतो आणि चेक मालकाच्या खात्यात गेलेला असतो. भोगवटादार वर्ग दोन (जिच्या विक्रीला सरकारी परवानगी लागते ती जमीन), वनहक्काचा पट्टा, इनामाची जमीन, ही सगळी प्रकरणं बैठकीच्या आधी तलाठ्याकडून, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, वेगळी काढून ठेवा. वारसाचा फेरफार अडला असेल तर मंडळ अधिकाऱ्याला विनंती करून गावातच एक दिवस कॅम्प लावा, याचा लोकांवर भाषणापेक्षा जास्त परिणाम होतो कारण वर्षानुवर्षं अडलेलं काम त्या दिवशी होतं.

तुमच्या पट्ट्यात संत्रा आहे, म्हणून त्याचं जरा वेगळं बोलतो. संत्र्याचं झाड म्हणजे पाच-सहा वर्षं पोसल्यावर उत्पन्न देणारं झाड, त्याला कपाशीसारखं एका हंगामाचं नुकसान धरता येत नाही, मूल्यांकन कृषी विभागाकडून झाडागणिक होतं, वय आणि उत्पन्न बघून. पण पैसे देण्याआधी विचारा की झाड तोडायलाच पाहिजे का. २२० केव्हीला जमिनीपासून तारेची कमीत कमी उंची सुमारे ७ मीटर, आणि झाडाचा शेंडा आणि तार यात ४.६ मीटर अंतर लागतं. तार जिथं सर्वात खाली झोल खाते, म्हणजे साधारण दोन टॉवरच्या मधे, तिथं चार-साडेचार मीटरचं झाड बसत नाही. पण त्याच बागेजवळ टॉवर आणला किंवा टॉवरला ३ किंवा ६ मीटरचं एक्स्टेंशन दिलं तर बऱ्याच ओळी वाचतात, थोडी छाटणी करून. एक्स्टेंशनचं जादा स्टील आणि चाळीस-पन्नास संत्र्याच्या झाडांचा मोबदला, वर त्या शेतकऱ्याची दुश्मनी, हिशोब करून बघा, स्टील बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

अजून एक, बागेत फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला ठोक विकलेलं असतं, सौदा होऊन इसार दिलेला असतो. तुमच्या गँगनं फांद्या मोडल्या तर नुकसान त्या व्यापाऱ्याचंही आहे, आणि तो कोणत्याच स्टेकहोल्डरच्या यादीत नसतो. आंबिया बहाराचं फळ आणि मृगाचं फळ वेगवेगळ्या वेळी उतरतं, बागवाल्याला विचारा त्याचा तोडा कधी आहे, त्याच्या नंतरची तारीख धरा.

हंगामाचं एकूणच असं आहे की काळ्या भारी जमिनीत जून ते ऑक्टोबर गाडी घालायची म्हणजे रुतून बसायचं आणि शेताचं वाटोळं करायचं. सोयाबीन निघतं ऑक्टोबरच्या आसपास, कापूस वेचणी लांबत जाते, तूर डिसेंबर-जानेवारी, गहू-चना मार्चपर्यंत. रिकामं वावर मिळतं ते मार्चनंतर पावसापर्यंत. प्रोजेक्टवाले बारचार्ट बनवताना हे बघत नाहीत, मग उभ्या तुरीतून ट्रॅक्टर जातो. मौदा-रामटेककडं धानाचा पट्टा असेल तर रोवणीच्या दिवसांत तर जाऊच नका, त्या दिवसांत माणसाला मान वर करायला वेळ नसतो.

बैठकीबद्दल लोक लय पुस्तकी बोलतात. माझं साधं आहे. संध्याकाळी, माणसं वावरातून आल्यावर, बाजाराचा दिवस टाळून. नकाशा मराठीत, गटनंबरसकट, आणि ज्याचं वावर त्यानं बोट ठेवून सापडवावं असा मोठा. तारेचा एक हातभर तुकडा सोबत न्या, हातात घेऊन बघू द्या. २२० ला झेब्रा कंडक्टर, ४०० ला मूस, १३२ ला पँथर, या प्राण्यांच्या नावांवर पोट्टे हसतात आणि वातावरण जरा सैल होतं, हाही फायदाच. बाया येत नाहीत म्हणून सोडून देऊ नका, सातबाऱ्यावर बाईचं नाव असेल तर तिच्या घरी जाऊन सही घ्या आणि पैसे तिच्याच खात्यात. आणि जो माणूस बैठकीत शब्द देतो, पैसे देण्याच्या कागदावरही त्याचीच सही पाहिजे. कॉन्ट्रॅक्टरचा लायझनवाला हो-हो म्हणून जातो, तीन महिन्यांनी तो दुसऱ्या साईटवर असतो, शेवटी शिव्या कंपनीलाच.

बैठकीत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तार आमच्या डोक्यावरून आणि आम्हाला मोटर चालवायला वीज रात्रीची, असं काहून?" याला थातुरमातुर उत्तर देऊ नका. २२० च्या तारेतून गावाला थेट वीज काढता येत नाही, मोठं उपकेंद्र, मग ३३, मग ११ केव्ही, मग गावचा ट्रान्सफॉर्मर, हे चित्र काढून सांगा. आणि वाटपाचं काम महावितरणचं आहे हे खरं असलं तरी "ते आमचं डिपार्टमेंट नाही" असं म्हणून उठलात तर बैठक संपली समजा. महावितरणच्या उपविभागाच्या अभियंत्याला विनंती करून सोबत बसवा, कृषी फीडर सौरवर जाणार आहे का, कधी, ते त्यांच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही स्वतः विजेचं कोणतंच आश्वासन द्यायचं नाही, ट्रान्सफॉर्मरचंही नाही.

दुसरा प्रश्न तब्येतीचा. कॅन्सर, गाय दूध देत नाही, मोबाईलवर व्हिडिओ असतो की तारेखाली ट्यूबलाईट हातात धरली तर पेटते. ट्यूब मंद पेटते हे खरं आहे, विद्युत क्षेत्रामुळं तसं होतं, नाकारू नका. सामान्य लोकांसाठी आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेची मर्यादा विद्युत क्षेत्राला मीटरला ५ केव्ही आणि चुंबकीय क्षेत्राला २०१० च्या शिफारशीनुसार २०० मायक्रोटेस्ला आहे, २२० च्या लाईनखाली मोजमाप साधारण याच्या आत येतं. मीटर घेऊन जवळच्या चालू लाईनखाली दोन-चार गावकऱ्यांना घेऊन जा आणि त्यांच्याच हातानं मोजू द्या. आणि खरा धोका कुठं आहे तो स्पष्ट सांगा, लोक त्यानं जास्त विश्वास ठेवतात: स्प्रिंकलरचा ॲल्युमिनियमचा लांब पाईप तारेखाली उभा करायचा नाही, तारेखाली कुटाराचा ढीग रचायचा नाही, धसकटं जाळायची नाहीत कारण धुरातून आणि ज्वाळेतून लाईन फ्लॅश मारू शकते, म्हणजे ठिणगी जमिनीकडं उडू शकते, लाईनला समांतर लांब तारेचं कुंपण असेल तर त्याला अर्थिंग करायचं. ते अर्थिंग तुमच्या खर्चानं करून द्या. पावसात लाईन सुसू आवाज करते हेही आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात फोन.

आता पोलीस बंदोबस्त. कायदा तुमच्या बाजूनं आहे हे खरं. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खाली अधिकार मिळाले असतील तर १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातल्या कलम १० आणि १६ प्रमाणं काम करता येतं, अडथळा आला तर जिल्हा दंडाधिकारी आदेश देतात, मोबदला कमी वाटला तर शेतकरी जिल्हा न्यायाधीशांकडं जाऊ शकतो. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला तरी ट्रान्समिशन लाईनपुरता तो जुना भाग चालू ठेवलाय. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं पॉवरग्रिड (केंद्र सरकारची ट्रान्समिशन कंपनी) विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स खटल्यात हेही सांगितलं की अशा लाईनला जमीनमालकाची आधी संमती लागत नाही. पण त्याच कलम १० मध्ये लिहिलंय की नुकसान कमीत कमी करायचं आणि झालेल्याची पूर्ण भरपाई द्यायची, आणि २००७ च्या केरळ वीज मंडळाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की भरपाई ठरवताना जमीन कुठं आहे, तार कशी जाते, उरलेल्या जमिनीचा वापर किती अडतो, हे सगळं बघायचं, एकच ठोकळा सगळ्यांना लावायचा नाही. साहेबांना पहिली अर्धी बाजू पाठ असते.

व्यवहाराचं बघा. बंदोबस्तात एक फाउंडेशन होऊन जातं, थोड्या दिवसांचं काम. पण स्ट्रिंगिंगला दोन टेन्शन टॉवरमधला अख्खा सेक्शन एका दमात मोकळा लागतो, पुलर, म्हणजे तार ओढणारं मशीन, एका टोकाला, टेन्शनर, म्हणजे तार ताणून धरणारं मशीन, दुसऱ्या टोकाला, मधे कितीतरी वावरं, त्यातला एक माणूस पायलट वायर (मुख्य तार ओढण्याआधी टाकतात ती दोरी) धरून बसला की सगळं थांबलं. किती दिवस पोलीस उभे करणार? आणि लाईनचं आयुष्य नियामक आयोग ३५ वर्षं धरतो. तेवढी वर्षं तुमचा पेट्रोलिंगवाला त्याच वावरातून जाणार, इन्सुलेटर फुटला तर गाडी त्याच धुऱ्यावरून न्यायची, टॉवरचे अँगल चोरीला गेले तर आधी गावालाच दिसणार, कळवायचं का नाही ते गाव ठरवणार. म्हणून आदेशासाठी अर्ज करून ठेवा, त्याला वेळ लागतो, पण वापर शेवटच्या एखाद्या माणसासाठी, ज्याला सगळ्यांइतकंच देऊनही तो अडून बसलाय आणि गावही त्याच्या मागं नाही. अख्ख्या गावावर आदेश वापरला की पुढची गावं तिथंच बंद झाली समजा.

जाता जाता नागपूर शहराजवळच्या लाईनचं सांगतो, तुमचं काम उद्या तिकडं येईलच. बेसा, हिंगणा, वर्धा रोड, मिहानच्या बाजूला शेत दिसतं पण ते शेत नसतं, ले-आउट पडून प्लॉट विकलेले, मालक कोणी बँकेत, कोणी दुबईत. पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, म्हणजे १५०० फुटांच्या प्लॉटवाल्याचा अख्खा प्लॉट गेला, त्याला ३० टक्के सांगून तो हसेल, म्हणूनच तो ६० टक्क्यांचा दर आला. तिथं भीतीही खरी आहे, २०१७ मध्ये शहरात घराजवळच्या हाय टेन्शन लाईनच्या धक्क्यानं लहान मुलं गेली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. तिथं मोनोपोल (एकाच खांबाचा टॉवर), जमिनीखालची केबल, हे पर्याय आधीच टेबलावर ठेवावे लागतात. आणि पूर्व विदर्भात रूट काढताना "पडीक आहे" म्हणून जी जमीन सोपी वाटते ती बऱ्याचदा रेकॉर्डला झुडपी जंगल निघते, मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ती वनजमीनच धरायची, म्हणजे वनविभागाची परवानगी, म्हणजे वेळ. शेतकरी "तिकडून न्या" म्हणतो तेव्हा हे कारण त्याला सांगा, त्याला पटतं, वनविभागाचा अनुभव त्यालाही असतो. उमरेडकडं डब्ल्यूसीएल या सरकारी कोळसा कंपनीच्या लीज, रेल्वे, हायवे, पाटबंधारे, विमानतळ, ही सगळी कार्यालयंही स्टेकहोल्डरच आहेत, पण ती पत्रानं चालतात.

गँगकडं लक्ष ठेवा. बहुतेक गँग बंगालमधल्या मालदा नाहीतर झारखंडकडची, पोरं कामाला पक्की, पण मराठी येत नाही, गावानं काही विचारलं तर गोंधळ. प्रत्येक गँगसोबत गावातलाच एक जण रोजंदारीवर ठेवा. माझ्या बघण्यात टॉवरपेक्षा जास्त भांडणं पांदण रस्त्याची आणि मोडलेल्या धुऱ्याची असतात, ठिबकच्या नळ्या तुटल्या, बोअरचा पाईप फुटला, फाउंडेशनची माती सुपीक थरावर पसरून गेले. आत जायच्या आधी फोटो, निघताना फोटो, दोन्ही शेतकऱ्याच्या समोर, आणि छोटं नुकसान त्याच आठवड्यात चुकतं करायला साईटवर अधिकार पाहिजे. पाचशे रुपयांच्या नळीसाठी फाईल नागपूरला गेली की तो माणूस पुढचे सहा महिने तुमच्या विरोधात.

बँकेच्या प्लॅनचं शेवटी. तो कागद वाईट नाही, पॉवरग्रिडनं तर १९९८ पासून असं पर्यावरण आणि सामाजिक धोरण लेखी ठेवलंय. फक्त कन्सल्टंटकडून दुसऱ्या राज्यातल्या लाईनचा प्लॅन नाव बदलून घेऊ नका, त्यात संत्र्याऐवजी नारळ निघतो, हे मी बघितलंय. तुमचं रजिस्टर हाच प्लॅन: कोणत्या गटनंबरला कोण भेटलं, काय म्हणाला, काय ठरलं, पैसे कधी गेले, तक्रार कधी आली, कधी मिटली. गावात एकच फोन नंबर द्या आणि तो उचलणारा माणूस द्या.

तर त्या दोन गावांत आधी काँक्रीट न पडलेल्या टॉवरची यादी, लागू दराचं लेखी पत्र आणि आधीच झालेल्या फाउंडेशनचे जे पैसे अडकलेत ते मोकळे करून खात्यात, हे तीन झाल्याशिवाय बैठक लावू नका. तिसरं सर्वात आधी. झालेल्या टॉवरचे पैसे मिळालेले चार शेतकरी बैठकीत बसले असले की तुम्हाला अर्धंच बोलावं लागतं. आणि पहिल्या बैठकीला कॉन्ट्रॅक्टरचा माणूस सोबत नेऊ नका, पोलिसांची गाडी तर रस्त्यावरही उभी नको.